खेत्त-वत्थु आणि आमची मधली भिंत



दिवाळीनंतर घराचे काम काढले, तेव्हापासून बऱ्याच जणी विचारत आहेत, "एवढ्याशा जागेत सगळं बसवलं कसं?" कपाट कुठे गेले, ओटा कुठे हलला, सामायिकाला जागा कुठून निघाली, हे सगळे सांगणार आहे. पण काम असेच का केले हे सांगायचे, तर मला दीडशे वर्षे मागे, आपल्याच शिरूर तालुक्यातल्या करडे गावी जावे लागेल. आणि त्याच्याही मागे, बाराव्या शतकातल्या गुजरातमध्ये. तेव्हा दुपारची आवराआवर झाल्यावर निवांत वाचा.

आमचे घर सणसवाडीला, जुन्या गावठाणात. कोरेगाव भीमा आणि शिक्रापूर यांच्या मधले हे गाव. सासऱ्यांनी इथे किराणा दुकान मांडले तेव्हा चारी बाजूंना ज्वारी-बाजरी होती. आता नगर रोडच्या दोन्ही अंगांना कारखाने आहेत, शिफ्टच्या बस आहेत, आणि ज्याच्याकडे दोन गुंठे जागा आहे त्याने खोल्या काढून कामगारांना भाड्याने दिल्या आहेत. गाव एवढे बदलले, आमचे घर मात्र तसेच राहिले. पुढे दुकान, मागे माजघर, स्वयंपाकघर आणि एक खोली. दुकान सोडले तर राहायला चारशे चौरस फूटही नाही. त्यात सासूबाई, आम्ही दोघे, दहावीतला मुलगा आणि सहावीतली मुलगी. पाहुणा आला की एकाची गादी दुकानात.

श्रावणात एके संध्याकाळी शेजारचे आप्पा दुकानात आले. त्यांचे घर आणि आमचे घर यांच्यात एकच भिंत. आप्पांच्या मागे दवाखान्याचा खर्च लागला होता आणि बाहेरची देणीही होती. ते ह्यांना म्हणाले, "शेठ, घर काढतोय. बाहेरच्याला देण्यापेक्षा तुम्हीच घ्या. मधली भिंत पाडली की तुमचं घर दुप्पट. दुकानाची उधारी राहिलीय ना माझ्याकडं, तीही त्यातच वळती करून टाका."

खोटे कशाला सांगू, मला आनंद झाला. रात्री झोप लागली नाही. मनातल्या मनात मी आप्पांच्या पडवीत मुलाचे टेबल मांडले, त्यांच्या स्वयंपाकघरात मुलीची खोली केली. दुसऱ्याच आठवड्यात गवंडी बोलावला. त्याने भिंतीवर खडूने चौकट आखली आणि "इथून दार काढू, वर गर्डर टाकू," असे सांगून गेला.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. ती खडूची चौकट मात्र रोज बघत होत्या.

अडचण अशी होती. पुष्कळ वर्षांपूर्वी एका चातुर्मासात सासूबाईंनी महासतीजींसमोर परिग्रह-परिमाण व्रत घेतले होते. त्यात त्यांनी धारणा केली होती, एक घर आणि एक दुकान. घर त्यांच्या नावावर आहे. शेवटी एका रात्री जेवणे लवकर आटोपल्यावर त्यांनी विषय काढला. हे म्हणाले, "आई, भिंत पाडली की घर एकच राहतं. दोन कुठे होतात? तुझ्या व्रताला धक्का लागतच नाही."

सासूबाई म्हणाल्या, "मला नाही बाबा एवढं कळत. महासतीजींना विचारू." शिरूरला चातुर्मास चालू होता. रविवारी आम्ही दोघी गेलो.

खेत्त-वत्थु म्हणजे काय

आपण प्रतिक्रमणात पाचव्या अणुव्रताचे अतिचार म्हणतो. त्यातला पहिला शब्द खेत्त-वत्थु. मी लहानपणापासून तो म्हणत आले, पण घाईघाईने. क्षेत्र म्हणजे शेत, मोकळी जमीन. वास्तु म्हणजे घर, दुकान, बांधलेली जागा. परिग्रहाचे नऊ प्रकार सांगितले आहेत: क्षेत्र, वास्तु, हिरण्य, सुवर्ण, धन, धान्य, द्विपद, चतुष्पद आणि कुप्य, म्हणजे घरातली भांडीकुंडी आणि बाकीचे सामान. आपण बायका सोन्याची मर्यादा करताना खूप विचार करतो. जागेच्या मर्यादेकडे आपले लक्ष कमी जाते, कारण जागा कुणाला पुरतच नसते.

मर्यादा म्हणजे गरिबी नव्हे, हेही लक्षात घ्या. उपासकदशांग सूत्रात दहा श्रावकांच्या कथा आहेत. पहिला श्रावक आनंद, वाणिज्यग्रामचा गृहस्थ. त्याच्याकडे चार कोटी खजिन्यात, चार कोटी व्याजाने लावलेले आणि चार कोटी घरसंसारात होते. दहा-दहा हजार गायींचे चार व्रज होते. भगवान महावीरांसमोर व्रत घेताना त्याने हे सगळे टाकून दिले नाही. आहे त्यावर रेघ ओढली. यापुढे नाही, एवढेच त्याने म्हटले.

महासतीजींना आम्ही भिंतीचे सांगितले, तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, हा प्रश्न फार जुना आहे. मग त्यांनी हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्राबद्दल सांगितले. हा ग्रंथ बाराव्या शतकातला. गुजरातचा राजा कुमारपाल याच्या विनंतीवरून आचार्यांनी तो लिहिला. त्यात पाचव्या व्रताचे पाच अतिचार सांगताना क्षेत्र-वास्तूच्या अतिचाराला "योजन" म्हटले आहे. योजन म्हणजे जोडणे. एखाद्याने एकच शेत ठेवण्याचे व्रत घेतलेले असते. त्याला शेजारचे शेत मिळते. तो ते घेतो आणि मधले कुंपण काढून टाकतो, म्हणजे मोजायला शेत एकच. घराचेही तसेच. शेजारचे घर घ्यायचे, मधली भिंत पाडायची आणि म्हणायचे, माझ्याकडे एकच घर आहे. व्रताचा आकडा शाबूत राहतो, पण ज्यासाठी व्रत घेतले ते जाते. म्हणून हा अतिचार.

मी सासूबाईंकडे पाहिले आणि सासूबाईंनी माझ्याकडे. ह्यांनी गेल्या आठवड्यात जे सांगितले, ते साडेआठशे वर्षांपूर्वीही कुणीतरी आपल्या आईला सांगत असणार. नाहीतर आचार्यांना ते लिहून ठेवावे का लागले असते?

घरी येताना सासूबाई एवढेच म्हणाल्या, "माझं व्रत माझ्यापुरतं. तुम्हाला घ्यायचं असेल तर तुमच्या नावावर घ्या, मी अडवणार नाही." त्यांनी अडवले असते तर सोपे झाले असते. आता विचार मला करायचा होता.

करडे गावातले घर

त्याच दिवसांत मुलाच्या इतिहासाच्या अभ्यासासाठी ब्रिटिश काळातल्या शेतकऱ्यांच्या उठावांवर वाचत होतो. त्यात आपल्या तालुक्याचे नाव आले. १८७५ चे दख्खनचे दंगे. शाळेत आम्ही ते दोन ओळींत शिकलो होतो. आता नीट वाचले.

गोष्ट अशी. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले. तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला भाव आला. सावकारांनी शेतकऱ्यांना हात सैल सोडून कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळले. त्यातच सरकारने फेरपाहणी करून शेतसारा वाढवला. सारा भरायला पुन्हा कर्ज, आणि कर्जापायी जमीन गहाण. नव्या दिवाणी न्यायालयांत कागद दाखवला की निकाल सावकाराच्या बाजूने. शेतकऱ्याला त्या कागदावर काय लिहिले आहे तेही वाचता येत नसे.

डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या करडे गावी काळूराम नावाच्या मारवाडी सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध हुकूमनामा मिळवला. कर्ज होते दीडशे रुपये. सावकाराने देशमुखांना घराबाहेर काढले आणि त्यांचे घर पाडले.

गावाला ते सहन झाले नाही. गावकऱ्यांनी मारवाडी सावकारांवर बहिष्कार टाकला. त्यांच्या शेतात राबायला कुणी जाईना, त्यांचे पाणी कुणी भरेना, न्हावी हजामत करेना. हा बहिष्कार शेजारच्या गावांत पसरला. पुढे १२ मे १८७५ रोजी आपल्या पुणे जिल्ह्यातल्याच सुपे गावी बाजाराच्या दिवशी दंगा झाला, आणि तो भीमथडी, इंदापूर, शिरूर आणि तिकडे नगर जिल्ह्यातल्या पारनेर, श्रीगोंद्यापर्यंत गेला. लोकांना हवे होते ते सावकारांचे कागद. खतपत्रे ताब्यात घेऊन जाळली गेली. पैशापेक्षा कागदांवर राग अधिक होता. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे त्याने बंद झाले आणि कर्जाचा खरा हिशेब पाहण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला.

मैत्रिणींनो, हा इतिहास आपल्या समाजात कुणी फारसा सांगत नाही. आपण सांगतो ते पूर्वजांनी राजस्थानातून लोटा घेऊन येऊन कसे कष्ट केले ते. तेही खरेच आहे. दुष्काळात गावाला धान्य पुरवणारे, उधारीवर वर्षानुवर्षे दुकान चालवणारे आपले आजे-पणजे होतेच. आणि सगळे सावकार मारवाडी नव्हते. पण आपल्यातल्या कितीतरी घराण्यांत तेव्हा हाच धंदा होता, हे नाकारून कसे चालेल? काळूराम आमच्या नात्यातला नव्हता. पण मी ते पान मिटले आणि दुकानातली उधारीची वही आठवली. तिच्यात आप्पांचे नाव आहे.

आप्पा स्वतः होऊन आले होते. आम्ही त्यांना काढत नव्हतो, कोर्टातही जात नव्हतो. भावही योग्य देणार होतो. तरी उधारी वळती करून, अडचणीत असलेल्या माणसाचे घर घ्यायचे आणि त्याची भिंत पाडायची, हे मला तेव्हापासून गोड लागेना.

मी ह्यांना सांगितले. वाद झाला. हे म्हणाले, "आपण नाही घेतलं तर कुणीतरी घेईलच. मग आपणच का नको?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते आणि आजही पूर्ण नाही. मी एवढेच म्हटले, "आधी आपलं घर नीट वापरून बघू. नाहीच पुरलं, तर मी गप्प बसेन." आणि आप्पांना सांगायला लावले की उधारी आहे तशी राहू दे, सवडीने द्या. घर विकण्याशी तिचा संबंध नाही.

भिंतीतून निघालेली जागा

गवंड्याला नको म्हणून सांगायचे होते. पण त्या भिंतीला ओल येऊन गिलावा फुगला होता, तेव्हा म्हटले निदान तो तरी काढून घेऊ. गवंड्याने हातोडीने ठोकून पाहिले आणि थांबला. "वहिनी, ही मधे पोकळ वाजतेय."

गिलावा काढला तर आतून दोन देवळ्या आणि लाकडी चौकटीचे एक फडताळ निघाले, विटांनी बुजवलेले. मुले धावत आली. त्यांना सोन्याचा हंडा हवा होता. आत मातीशिवाय काही नव्हते. सासूबाई खोलीतून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अगं, हे मीच बुजवायला लावलं होतं. लोखंडी कपाट आलं तेव्हा. म्हटलं, जुनाट दिसतं."

त्या दिवसापासून मी जुन्या घरांकडे नव्या नजरेने पाहू लागले. आपल्याकडची जुनी भिंत दगडमातीची, दोन-दोन फूट जाड. ती एवढी जाड ठेवावी लागे, कारण मातीच्या बांधकामावर वरचा भार पेलायचा असे. पण बांधणाऱ्यांनी ती जाडी वाया घालवली नाही. तिच्यातच देवळी, कोनाडा, फडताळ काढले. दिव्याला देवळी, पोथीला कोनाडा, भांड्यांना फडताळ. जमिनीचा एक वीतही न अडवता सामान भिंतीत मावत असे. धान्य बळदात किंवा अंगणातल्या पेवात. मडक्यांची उतरंड कोपऱ्यात एकावर एक. अंथरुणाच्या वळकट्या माळ्यावर नाहीतर खुंटीला.

पुण्याचे वाडे पाहिलेत तर घर खणांत मोजलेले दिसते. दोन लाकडी खांबांमधले अंतर म्हणजे खण. अमक्याची माडी पाच खणांची, तमक्याची ओसरी तीन खणांची. आणि या खणांना कायमचे काम नेमलेले नसे. माजघरात सकाळी दळण-कांडण, दुपारी बाळंतिणीची खाट, रात्री बायका-मुलांची अंथरुणे. पाट मांडला की जेवणघर, पाट उचलला की बसायची जागा.

नंतर विटा-सिमेंट आले, भिंती नऊ इंचांच्या आणि पुढे चार इंचांच्या झाल्या. कोनाडे गेले. मग सामान ठेवायला कपाट हवे. गोदरेजने १९२३ साली पोलादी कपाटे बनवायला घेतली, आणि पुढे ती लग्नात देण्याची वस्तूच झाली. त्यापाठोपाठ पलंग, डायनिंग टेबल, सोफा. प्रत्येक वस्तूने एक जागा कायमची धरून ठेवली. पलंगावर माणूस आठ तास झोपतो, पण तो जागा चोवीस तास अडवतो. आमच्या चारशे फुटांत निम्मी जमीन अशी अडकलेली होती. मी फूटपट्टी घेऊन मोजले, म्हणून सांगते.

दहा बाय सोळा

लहान जागा वापरायची कशी, हे मी आणखी एका ठिकाणी पाहिले होते. माझी मावशी मुंबईला डिलाईल रोडजवळ राहायची. मावसाजींचे तिथे दुकान होते. सुट्टीत गेलो की मावशीच्या मैत्रिणींकडे बीडीडी चाळीत जाणे व्हायचे. तेव्हा त्या खोल्या फक्त लहान वाटल्या होत्या. आता त्यांचाही इतिहास वाचला.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या अंधाऱ्या वस्त्यांत माणसे मेली, तेव्हा सरकारने १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. या ट्रस्टने चाळी बांधल्या. पुढे १९२० मध्ये, जॉर्ज लॉईड गव्हर्नर असताना, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले. बीडीडी हे नाव तिथून आले. गिरणी कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायचे ठरले होते. तेवढ्या झाल्या नाहीत. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ इमारती उभ्या राहिल्या. प्रत्येक खोली एकशे साठ चौरस फुटांची, दहा बाय सोळा. कोपऱ्यात मोरी, संडास मजल्यावर सामाईक. तिथे शंभर वर्षे पिढ्यान् पिढ्या राहिल्या. आता त्या पाडून रहिवाशांना पाचशे चौरस फुटांची घरे मिळत आहेत. वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये चाव्या मिळाल्या.

मावशीच्या मैत्रिणीच्या खोलीत आठ माणसे होती. पोटमाळ्यावर मुले अभ्यास करत, पुरुष रात्री गॅलरीत झोपत. ज्यांच्याकडे गिरणीच्या पाळ्या होत्या त्यांच्याकडे एकाच अंथरुणावर एक उठला की दुसरा झोपे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे बालपण आठवा. परळच्या एका खोलीत सगळे कुटुंब आणि संसार. अभ्यासाला शांतता नाही. वडील रामजी सकपाळ यांनी त्यावर उपाय काढला. मुलाला लवकर झोपवायचे, स्वतः रात्री दोनपर्यंत जागायचे, मग त्याला उठवून अभ्यासाला बसवायचे आणि आपण झोपायचे. जागा वाढवता येत नव्हती, तेव्हा वडिलांनी वेळ वाटून घेतली. पुढे हे कुटुंब परळलाच इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत गेले. तिथे त्यांना दोन खोल्या होत्या. त्यातली एक संसाराला आणि एक अभ्यासाला. दोनच खोल्यांत एक पुस्तकांना देणे, हा त्या घरातल्या सगळ्यांचाच त्याग होता.

मुलाला मी हे सांगितले. तो म्हणाला, "म्हणजे मला खोली मिळणार नाही, असंच ना?" मुले लगेच ओळखतात.

आम्ही काय केले

आता कामाचे सांगते. तीन आठवडे लागले.

एक. बुजवलेल्या देवळ्या आणि फडताळ मोकळे केले. नवीन कोनाडे खोदले नाहीत. जुन्या मातीच्या भिंतीत नवे खोदू नका, गवंडी हेच सांगेल. जुन्या देवळीवर दगडाची किंवा लाकडाची तुळई असते, ती भार घेते. ओल होती त्या जागी सिमेंटऐवजी चुन्याचा गिलावा केला. मातीच्या भिंतीला सिमेंट लावले की आतली ओल बाहेर पडत नाही आणि गिलावा फुगतो. आमचे तेच झाले होते.

दोन. लोखंडी कपाट दुकानात गेले. सहा फूट जमीन मोकळी झाली.

तीन. ओटा हलवला. आमचा ओटा अंधाऱ्या भिंतीला होता, दुपारीही ट्यूब लावावी लागे. आपल्याला चौविहार करायचा म्हणजे संध्याकाळचा स्वयंपाक सूर्यास्ताच्या आत. मावळतीच्या खिडकीखाली ओटा घेतला, तर पाच-साडेपाचला उजेड थेट पातेल्यात पडतो. धान्य निवडताना, भाजी चिरताना जीव दिसतो. पाण्याचे गरणे वाळत घालायला खिडकीतच दांडी केली. मोरीचा उतार नीट करून घेतला, म्हणजे पाणी साचत नाही.

चार. सुतार म्हणत होता, खाली खण असलेला बॉक्सचा पलंग करा, सगळे सामान आत जाईल. मी नको म्हटले. आपले साधू-साध्वी दिवसातून दोनदा आपल्या वस्त्र-पात्रांचे पडिलेहण करतात. त्यांच्याकडे सामान एवढेच असते की ते दोनदा पाहता येते. आपल्याला तेवढे जमणार नाही. पण बॉक्समध्ये कोंबलेले सामान आपण वर्षातून एकदाही पाहत नाही. तिथे झुरळे होतात, कसर लागते, मग औषध मारावे लागते. ती हिंसा आपणच साठवून ठेवलेली असते. म्हणून नियम केला: महिन्यातून एकदा काढून पुसता येणार नाही असे सामान घरात नको. या नियमाने तीन पोती भांडी आणि कपडे बाहेर गेले. नऊ प्रकारांतले कुप्य म्हणजे काय, ते मला त्या पोत्यांकडे बघून कळले. उघड्या, वीतभर खोलीच्या फळ्या केल्या, म्हणजे मागे काही दडत नाही.

पाच. पलंगाऐवजी गाद्या, दिवसा माळ्यावर. सासूबाईंना गुडघ्यामुळे खाट लागते, ती एकच राहिली.

सहा. मोकळ्या झालेल्या खोलीचे वेळापत्रक केले. पहाटे माझे आणि सासूबाईंचे सामायिक, अठ्ठेचाळीस मिनिटे. आसन, मुहपत्ती आणि पूंजणी देवळीत असतात. त्या वेळात ती खोली आमचे स्थानक. मग मुलीची शाळेची तयारी. संध्याकाळी सात ते दहा खोली मुलाची, दार लावून. त्या वेळात कुणी आत जायचे नाही, पाहुणेही नाहीत. रात्री गाद्या. त्याला स्वतःची खोली मिळाली नाही, पण रोज तीन तास हक्काचे मिळाले.

आप्पांनी घर विकले नाही. पुढच्या दोन खोल्या वेगळ्या काढून एका कारखान्यातल्या जोडप्याला भाड्याने दिल्या. दर महिन्याला भाडे येते, त्यातून देणी फिटत आहेत. भिंतीपलीकडून आता नव्या बाळाचे रडणे ऐकू येते. आप्पांची उधारी अजून वहीत आहे, मध्ये मध्ये थोडी देतात.

हे मात्र अजून म्हणतात, "सणसवाडीत गावठाणातली जागा पुन्हा मिळायची नाही. मुलाचं लग्न होईल तेव्हा काय करशील?" ते चुकीचे बोलत नाहीत. मुलाचे लग्न होईल तेव्हा चारशे फूट खरोखर पुरणार नाहीत, आणि त्या वेळी काय करायचे ते मला ठाऊक नाही. कदाचित दुसरीकडे घर घ्यावेही लागेल. घेऊ. पण मग ते उघड दुसरे घर असेल, आमच्या नावावर असेल, आणि व्रतात मोजले जाईल.

सासूबाईंनी खडूची चौकट पुसायला नको म्हटले होते, पण गिलाव्याबरोबर ती गेलीच. तिथे आता फडताळ आहे. वरच्या खणात त्यांच्या पोथ्या, मधल्या खणात मुलाची दहावीची पुस्तके, खालच्या खणात दुकानाच्या जुन्या वह्या.

तुमच्या घरातली एखादी भिंत ठोकून पाहा. आणि खेत्त-वत्थु म्हणताना पुढच्या वेळी जरा सावकाश म्हणा. लिहिण्यात कुणाचे मन दुखावले असेल, तर मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.